ट्रेडर जोजमध्ये औंसाचा हिशेब

मंडळात नव्याने आलेल्या कुटुंबांचा प्रश्न ठरलेला असतो : ट्रेडर जोज स्वस्त की महाग? १९६७ साली कॅलिफोर्नियात पासाडेनाला सुरू झालेल्या या दुकानातला बहुतेक माल त्यांच्याच नावाने विकला जातो. कूपन नाही, सभासद कार्ड नाही. लिहिलेली किंमत तीच खरी. पण पाकिटे लहान असतात, म्हणून मी डॉलर न पाहता औंस पाहतो. (आमच्या धंद्यात एककाशिवाय आकडा वाचत नाहीत!) समजा, ८ औंस अख्खे काजू ५ डॉलरला आणि १६ औंस तुकडा ७ डॉलरला असेल, तर औंसाला ६२ सेंट विरुद्ध ४४ सेंट पडतात. रश्शात वाटूनच घालायचे, तर अख्खे कशाला? ऑलिव्ह तेल मात्र गडद बाटलीतले, महिना-दीड महिन्यात संपेल एवढेच घ्यावे.

शाकाहारी मंडळींनी चीजचे लेबल जरूर वाचावे. अस्सल पार्मिजानो रेजियानोत वासराच्या जठरातले रेनेटच वापरावे लागते, तसा नियमच आहे. 'मायक्रोबियल' किंवा 'व्हेजिटेबल रेनेट' लिहिलेले चीज चालेल. नुसतेच 'एन्झाइम्स' असेल, तर मी पाकीट परत ठेवतो.