शेळीचा मोडलेला पाय

शेळीचा पाय मोडला की पहिला विचार खाटकाचा येतो. दुभत्या शेळीच्या बाबतीत तो घाईचा आहे, असे आम्हांस वाटते. शेळी अंगाने हलकी, तीन पायांवरही हिंडणारी. गाईम्हशीपेक्षा तिची आशा पुष्कळ अधिक.

आधी मोड कोठे आहे ते पाहावे. पुढच्या गुडघ्याखाली किंवा मागच्या पायाच्या मधल्या सांध्याखाली नळी मोडली असून कातडी शाबूत असेल, तर सहसा प्लॅस्टरने भागते. करडाचे हाड 3-4 आठवड्यांत, मोठ्या शेळीचे 6-8 आठवड्यांत जुळते. करडू वाढते, प्लॅस्टर वाढत नाही. म्हणून ते मध्येच बदलावे लागते.

मांडीच्या किंवा दंडाच्या हाडाची गोष्ट निराळी. तेथे प्लॅस्टरला वरचा सांधा धरता येत नाही; ते खाली लोंबते आणि त्याच्याच वजनाने तुकडे आणखी सरकतात. अशा वेळी भूल देऊन हाडाच्या पोकळीत पोलादी सळई घालतात, किंवा हाडावर धातूची पट्टी स्क्रूने बसवतात. हाड जुळल्यावर सळई काढतात. हे काम गावच्या दवाखान्यात होईलच असे नाही. इंदूरकडच्या वाचकांनी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. खर्च आधीच विचारावा, त्यात लाज कसली? मात्र ज्या घरी लेकरू त्या शेळीच्या दुधावर वाढते, तेथे केवळ बाजारभावाने हिशेब करू नये.

शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर शेळीला उपाशी ठेवायला सांगतात. दया येऊन पाला टाकू नका. भुलीत पोटातले पाणी वर येऊन फुप्फुसात गेले, तर शेळी दगावते.

दवाखान्यात नेईपर्यंत तेल चोळू नये, पाय ओढू नये. नळी मोडली असेल तर कापूस किंवा जुने धोतर गुंडाळून बांबूच्या कामट्या बांधाव्यात. मोडीच्या वरचा व खालचा, दोन्ही सांधे त्यांत यावेत. मांडी मोडली असेल तर काहीच न बांधता गवतावर निजवून न्यावे. जखम असल्यास उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने धुऊन स्वच्छ फडके लावावे. राख, शेण मुळीच नको, धनुर्वात होतो.

प्लॅस्टरनंतर खुरांवर रोज हात फिरवावा. सूज, गारठा किंवा दुर्गंधी आढळली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. वेदनेसाठी घरातले डायक्लोफेनॅक देऊ नये. गिधाडे मरतात म्हणून जनावरांसाठी ते 2006 पासून बंद आहे. मेलॉक्सिकॅम चालते, तेही डॉक्टरांच्या हातून. इंजेक्शने चालू असता किती दिवस दूध वापरायचे नाही, हेही त्यांनाच विचारून घ्यावे.