पोटाला सोसेल ते बळ : वसतिगृहाची पंगत आणि मुगाची पेज

राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवणे परिसरात पावसाळ्यात भात पिकतो, डोंगरउतारावर नाचणी आणि वरई होते, आणि भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर हरभरा किंवा पावटा घेतला जातो. येथील कष्टकरी घरांत रोजचे प्रथिन येते ते प्रामुख्याने डाळ, उसळ आणि पिठले यांतून. निवासी शाळेच्या पंगतीतही हेच अन्न असते. ते स्वस्त आहे, पौष्टिक आहे आणि आपल्या मातीतले आहे. परंतु ज्या मुलाचे पोट नाजूक आहे त्याने काय करावे, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही.

काही वर्षांपूर्वी सहावीतील एक विद्यार्थी उसळीच्या दिवशी नुसता भात आणि मीठ घेऊन पंगतीतून उठत असे. हे अन्नाचे नखरे आहेत असे समजून मीच त्याला दटावले होते. पुढे एकदा एकांतात त्याने सांगितले की, उसळ खाल्ली की पोट फुगते, कळा येतात, वर्गात बसवत नाही आणि मुले हसतात. लाजेपोटी तो अर्धपोटी राहत होता. वाढीच्या वयातील मूल प्रथिनाला मुकत होते आणि शिक्षक त्याला शिस्त शिकवीत होते. ही चूक माझी होती. तिच्यातून जे शिकलो ते येथे मांडतो.

प्रारंभीच एक खुलासा केला पाहिजे. येथे शाकाहारी प्रथिनांचा विचार केला आहे तो सोवळ्याओवळ्याच्या कल्पनेतून नव्हे. देवदत्ताने भिक्खूंसाठी पाच कडक नियमांची मागणी केली, त्यात मत्स्य-मांस वर्ज्य करण्याचीही मागणी होती. तथागतांनी ती सक्तीचा नियम म्हणून मान्य केली नाही. ज्यांना अंडी चालतात आणि परवडतात त्यांनी ती अवश्य खावीत. परंतु रोजच्या सामुदायिक स्वयंपाकाचा आधार कडधान्यच असते. म्हणून ते पोटाला सोसेल असे कसे करावे, हे जाणणे आवश्यक आहे.

या प्रश्नाचा एक फार जुना दाखला विनयपिटकाच्या महावग्गात आहे. ज्या राजगृहाचे नाव बाबासाहेबांनी आपल्या दादरच्या घराला दिले, त्याच नगरीत तथागतांना पोटात वायूचा विकार झाला. पूर्वी अशा विकारात त्यांना एका पेजेने आराम पडला होता, हे आनंदाला ठाऊक होते. त्याने तीळ, तांदूळ आणि मूग मागून आणले, स्वतः पेज शिजवली आणि तथागतांपुढे ठेवली. तथागतांनी त्याला दोष दिला, पण तो पेजेला नव्हता. भिक्खूने धान्य आत साठवून स्वतः शिजवणे नियमाला धरून नव्हते, एवढेच त्याचे कारण. याच ग्रंथात अन्यत्र पेजेचे दहा गुण सांगितले आहेत, त्यांत वायूचे शमन आणि पचनास साहाय्य यांचा समावेश आहे.

आधुनिक आहारशास्त्राच्या दृष्टीनेही ही पेज विचार करण्याजोगी आहे. तांदळाच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते मुगात भरपूर असते. मुगात मेथिओनिन कमी असते, ते तिळातून मिळते. तिन्ही एकत्र आले की प्रथिन अधिक परिपूर्ण होते. आपली मूगडाळीची खिचडी आणि तिळाची चटणी हे त्याच मेळाचे घरगुती रूप होय.

कडधान्याने पोट का फुगते? त्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या फोडणारे पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसते. त्यामुळे त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तेथील जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. म्हणजे हा मुलाचा हट्ट नसून शरीराचा धर्म आहे. काहींना त्याचा त्रास थोडा होतो, काहींना अधिक.

यावरचे उपाय आपल्या आया-आजींना ठाऊकच होते. कडधान्य रात्रभर, म्हणजे आठ-दहा तास, भिजवावे आणि ते पाणी फेकून द्यावे. या शर्करांचा काही भाग पाण्याबरोबर निघून जातो. मोड आणल्यास त्या आणखी कमी होतात. मात्र नाजूक पोटाला मोड कच्चे देऊ नयेत, मऊ शिजवूनच द्यावेत. सालीच्या कडधान्यापेक्षा साल काढलेली डाळ हलकी पडते. म्हणून आरंभ मूगडाळीपासून करावा. मुगाचे पातळ कढण, मग घोटलेले वरण, मग मऊ खिचडी, त्यानंतर मसूर आणि तूर, आणि शेवटी हुलगा, पावटा, हरभरा असा क्रम ठेवावा. राजमा भिजवून, पाणी बदलून, चांगला उकळून पूर्ण शिजवल्याशिवाय कोणालाच देऊ नये, कारण अर्धकच्चा राजमा विषबाधा करतो.

एका वेळी एकच नवे कडधान्य घ्यावे, तेही दोन-तीन चमचे. तीन-चार दिवस पाहावे, सोसले तर प्रमाण वाढवावे. काय खाल्ले आणि काय झाले हे वहीत लिहून ठेवावे. हळूहळू वाढवलेल्या प्रमाणाची आतड्याला पुष्कळदा सवय होते. दुधाने पोट बिघडत असेल तर दही किंवा ताक घेऊन पाहावे. विरजणात दुधातील शर्करा काही अंशी कमी झालेली असते. ताक घातलेली नाचणीची आंबीलही अनेकांना मानवते. नाचणीत प्रथिन बेताचे असले तरी चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर असते.

आता हिशेब पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार १३ ते १५ वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम आणि मुलीला ४३ ग्रॅम प्रथिन लागते. दिवसभरात २५० ते ३०० ग्रॅम धान्याचा भात-भाकरी खाल्ला तर २० ते २४ ग्रॅम, ५५ ग्रॅम मूगडाळीच्या दोन वाट्या वरणातून सुमारे १२ ग्रॅम, एक वाटी दह्यातून ५ ग्रॅम आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्यांतून ७ ग्रॅम मिळते. गरज जवळपास पूर्ण होते. महागड्या डब्यातील प्रथिनाच्या भुकटीची येथे आवश्यकता नाही. शेंगदाणे सोसत नसतील तर त्यांचे बारीक कूट करून कालवणात घालून पाहावे.

मात्र प्रत्येक पोटदुखी डाळीची नसते. वजन घटणे, शौचातून रक्त जाणे, ताप, झोपेतून उठवणारी कळ, सतत जुलाब किंवा वाढ खुंटणे यांपैकी काही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे. जंत आणि रक्तक्षय यांचीही तपासणी करून घ्यावी. गव्हाने त्रास होतो अशी शंका असेल तर गहू बंद करण्यापूर्वीच तपासणी करावी. आधी बंद केल्यास निदान चुकू शकते.

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह काढले. आपल्या मुलांना शाळेबरोबर निवाऱ्याची आणि अन्नाचीही सोय हवी, ही जाण त्यामागे होती. त्या परंपरेत वाढलेल्या आपण समतेचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. सर्वांच्या ताटात एकच पळी ओतणे म्हणजे समता नव्हे. प्रत्येक मूल पोटभर जेवून, वेदनेविना वर्गात बसू शकते की नाही, ही तिची कसोटी आहे.

महावग्गातच आणखी एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्खू स्वतःच्या मळात पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुऊन शय्येवर ठेवले आणि संघाला समजावले की, येथे तुमचे आईवडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे. निवासी शाळेला याहून नेमका उपदेश कोणता असू शकेल?

त्या विद्यार्थ्यासाठी पुढे उसळीच्या दिवशी मुगाचे वरण वेगळे काढून ठेवले जाऊ लागले. सुमारे महिन्याभराने तो ताट भरून जेवू लागला. हरभरा त्याला शेवटपर्यंत सोसला नाही, आणि त्याने काही बिघडलेही नाही. पालकांना एवढीच विनंती आहे की, पाल्याला काय सोसते आणि काय सोसत नाही हे प्रवेशाच्या वेळीच निःसंकोच सांगावे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या घरातही उपाशी उठणाऱ्या मुलाला दटावण्यापूर्वी एकदा जवळ बसवून विचारावे.

जय भीम.