तक्त्यातील चौकटी : एकत्रीकरण आणि विभाजन

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले तेव्हा त्यात १६ जिल्हे होते; आज ३३ आहेत. रायपूर जिल्ह्यातून १९९८ मध्येच महासमुंद व धमतरी वेगळे झाले होते. २०१२ मध्ये बलौदाबाजार-भाटापारा आणि गरियाबंद हेही निघाले. त्यामुळे रायपूरच्या एखाद्या बँक कार्यालयात जिल्हानिहाय कर्जवाटपाचा अनेक वर्षांचा तक्ता करावयाचा झाल्यास एक अडचण हमखास उभी राहते. २०११ पर्यंत ‘रायपूर’ हा एकच रकाना पुरतो, पुढे मात्र तीन लागतात.

अशा वेळी वर्ड या प्रणालीत तक्ता आखताना सर्वाधिक रकाने ज्या वर्षांना लागतात, त्यांवरून सुरुवात करणे सोयीचे. प्रथम तिन्ही जिल्ह्यांचे तीन रकाने आखावेत. नंतर २०१० आणि २०११ या ओळींतील तीन-तीन चौकटी माउसने निवडून ‘मर्ज सेल्स’ ही आज्ञा द्यावी. वर्ड २००३ व त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत ती ‘टेबल’ मेनूमध्ये असे. वर्ड २००७ पासून तक्त्यात क्लिक केल्यावर वर उमटणाऱ्या ‘लेआउट’ विभागात ती मिळते. प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे निवडावी. दोन्ही ओळी एकदम निवडल्यास सहाही चौकटींची मिळून एकच चौकट होते. ‘कंट्रोल’ आणि ‘झेड’ या कळा एकत्र दाबल्यास मूळ स्थिती परत येते.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. चौकटी एकत्र केल्या म्हणजे त्यांतील रकमांची बेरीज होत नाही. वर्डमध्ये तिन्ही आकडे एकाखाली एक तसेच राहतात. एक्सेलमध्ये तर वरच्या डाव्या चौकटीतील आकडा तेवढा टिकतो आणि बाकीचे जातात. त्याची सूचना पडद्यावर येते, पण घाईत ती वाचतो कोण? म्हणून बेरीज आधी करावी, चौकटी मागाहून जोडाव्यात.

विभाजनासाठी ‘स्प्लिट सेल्स’ ही आज्ञा आहे. किती रकाने व किती ओळी हव्यात, हे ती विचारते. अनेक चौकटी निवडलेल्या असतील, तर त्या आधी एकत्र करून मग विभागायच्या की प्रत्येक चौकट वेगळी विभागायची, याचीही निवड तेथेच करावी लागते. (शेजारची ‘स्प्लिट टेबल’ ही आज्ञा संपूर्ण तक्त्याचे दोन तुकडे करते, दोहोंची गल्लत होऊ देऊ नये.) ‘रायपूर’ची जुनी चौकट तीन भागांत विभागली, तरी जुनी रक्कम तीन जिल्ह्यांत वाटली जात नाही. ती एकाच चौकटीत राहते व उरलेल्या दोन रिकाम्या दिसतात. रिकाम्या चौकटीचा अर्थ वाचणारा ‘शून्य’ असा घेतो आणि गरियाबंद भागात त्या वर्षी कर्जच दिले गेले नाही, असा निष्कर्ष निघू शकतो. मूळ आकडे तालुकावार उपलब्ध नसतील, तर जुन्या वर्षांची चौकट एकत्रच ठेवणे हे प्रामाणिकपणाचे होय.

तिन्ही रकान्यांवर ‘पूर्वीचा रायपूर जिल्हा’ असे एकत्रित शीर्षक देण्याचा मोह होतो. ते २०२२ पर्यंतच खरे आहे. त्या वर्षी बलौदाबाजारमधील बिलाईगड भाग नव्या सारंगड-बिलाईगड जिल्ह्यात गेला. तेव्हापासून तीन रकान्यांची बेरीज पूर्वीच्या रायपूरइतकी धरता येत नाही. शीर्षकाखाली तशी तळटीप आवश्यक ठरते.

जोडलेल्या चौकटी असलेल्या तक्त्याचा क्रम ‘सॉर्ट’ आज्ञेने लावता येत नाही, म्हणून क्रमवारीचे काम आधी उरकावे. शिवाय दृष्टिबाधित कर्मचारी वा ग्राहक पडदावाचक प्रणालीच्या साहाय्याने तक्ता ऐकतात तेव्हा जोडलेल्या चौकटीमुळे कोणता आकडा कोणत्या रकान्याचा, हे कळेनासे होते. त्यांच्यासाठी तोच तक्ता साध्या, सलग चौकटींत आखून जुन्या वर्षांपुढे ‘तिन्ही जिल्हे मिळून’ असे शब्दांत लिहावे.