बोल्टाला पाना पोचतो का?

ओमती, जबलपूर

चि. मंदार,

तू घ्यायला निघालेल्या कॅम्परचे फोटो पाहिले. गादी, दिवे, सनमायका, सगळं झकास. पण गाडीखाली कोणी कॅमेरा धरलेला नाही. तू आधी तिथेच वाक. चासीवर नवाकोरा काळा रंग दिसला तर किल्लीने जरा खरवड, खाली गंज आहे का कळेल.

इथल्या व्हेइकल फॅक्टरीत उभी हयात गेली, त्यामुळे बांधणी पारखायची माझी एकच रीत आहे. शक्तिमान असो की जोंगा, फौजेची गाडी रानात बिघडणार, तिथेच उघडावी लागणार. म्हणून बोल्टाला पाना पोचलाच पाहिजे. टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर करणारे पुष्कळ जण नेमकं उलटं करतात. पाण्याची टाकी प्लायवूडमागे ठोकून बंद, वायरी फोमखाली गाडलेल्या. विकणाऱ्याला म्हणावं, टाकीचा जोड दाखवा, फ्यूज दाखवा. ‘त्याला फर्निचर काढावं लागेल’ म्हणाला, की चहा पिऊन परत ये.

जायचं ते पाऊस पडून गेल्यावर. छतावरच्या झडपेच्या कडेला अंगठ्याने दाब. प्लाय मऊ लागला, किंवा एकाच कोपऱ्यात ताजं सिलिकॉन दिसलं, तर पाणी मुरलंय असं समज. कपाटात नाक घाल. अत्तराचा वास आला तर संशय दुप्पट.

मग टाकी भरून गाडी धरमकाट्यावर ने. 100 लिटर पाण्याचेच 100 किलो, वर बॅटऱ्या, सिलिंडर, माणसं. पुढची आणि मागची चाकं वेगळी तोल. ओझं मागच्या चाकांच्याही मागे गेलं की शेपूट बसते, स्टिअरिंग हलकं पडतं. टायरची नक्षी राहू दे, तारीख वाच: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. सिलिंडरच्या खणाला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, खालीच साचतो.

आरसीवर कॅम्पर व्हॅन लिहिलंय ना? कागदावर बारा आसनांची बस आणि आत पलंग असेल, तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येईल आणि विमावाल्यांना आयतं निमित्त मिळेल.

बयाणा देण्याआधी काट्याची पावती मला पाठव. काकू विचारते, पोळपाट ठेवायला जागा आहे का.

तुझा काका