चौकला गेलेल्या भाकऱ्या

भाची : आत्या, दिवाळी अंकासाठी कथा द्यायचं कबूल केलंय आणि कागद कोराच आहे. इर्शाळवाडीवर लिहायचंय. 19 जुलै 2023 ची रात्र, वाडीवर दरड कोसळली ती. दोन ओळी होतात आणि हात थांबतो.

आत्या : सुरुवात कुणाच्या घरात करतेस?

भाची : वाडीतल्या एका ठाकर बाईच्या.

आत्या : तिच्या घरात तू कधी पाऊल ठेवलंयस? चूल कुठं, निजायची जागा कुठं, हे तुला ठाऊक नाही. म्हणून हात थांबतो. सुचत नाही म्हणून रडू नकोस. तुझं मन तुला खोटं लिहू देत नाहीये, आणि ते चांगलंच आहे.

भाची : म्हणजे भोगलं तेवढंच लिहायचं? कल्पनेला जागाच नाही?

आत्या : आहे की! आपल्या खोपोलीत राहिलेले र. वा. दिघे (1896–1980) घे. शिकले वकिली, पण इथं शेती केली. ‘पाणकळा’, ‘सराई’, ‘पड रे पाण्या’ या कादंबऱ्यांत साहस आहे, प्रेम आहे, अद्भुत वाटावं असंही पुष्कळ आहे. ते सारं रचलेलं. पण पाऊस लांबला की शेतकऱ्याच्या पोटात कसा गोळा येतो, ते शेती केल्याशिवाय कळत नाही. त्या मातीवर त्यांची कल्पना उभी राहिली.

भाची : माझ्याकडे तसं काहीच नाही. मी घरातच होते.

आत्या : दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलंत?

भाची : आई पहाटेच तांदळाच्या पिठाची उकड काढायला बसली. भाकऱ्या बांधून वाडीजवळच्या चौक गावाला पाठवल्या. वाडीला रस्ता नव्हता, माणसं चिखलातून चढून मदतीला जात होती. टीव्ही चालू होता. आई सारखी विचारत होती, लावणीला येणाऱ्या बायका कुठल्या वाडीवरच्या गं? कुणालाच सांगता येईना.

आत्या : अगं, हीच तुझी कथा! दरडीचं वर्णन कुणीही करील. हा प्रश्न फक्त तुझ्या घरात विचारला गेला.

भाची : पण ‘मी, मी’ लिहायला संकोच वाटतो.

आत्या : मग सांगणारा वेगळा कर. दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये (1978) तेच केलं. दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो, दोघं एकच. स्वतःपासून हातभर लांब उभं राहिलं की न बोलवणारंही बोलता येतं. तू आईला बोलतं कर. परातीपासून सुरू कर, आठवेल त्या क्रमानं लिही, वाक्यं घासत बसू नकोस. दरड आपोआप येईल, टीव्हीतून, आईच्या तोंडून, जशी तुमच्या घरात आली तशीच.

भाची : आणि वाडीतल्या बाईचं?

आत्या : ते लिहायचं तर आधी जाऊन तिच्या माणसांशी बोल, त्यांची परवानगी घे. तोवर आईचं लिही. छापायला देण्याआधी तिला वाचून दाखव. आठवण तिचीही आहे.