सत्तांतराचा पाठ : मार्च १९७७ आणि राजापूर मतदारसंघ

स्वातंत्र्यापासून सलग तीस वर्षे केंद्रात सत्तारूढ असलेल्या काँग्रेस पक्षाला मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत प्रथमच पायउतार व्हावे लागले. ५४२ पैकी १५४ जागाच त्या पक्षाला मिळाल्या. प्रधानमंत्री श्रीमती इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत पराभूत झाल्या आणि २४ मार्च रोजी श्री. मोरारजी देसाई यांनी प्रधानमंत्रिपदाची शपथ घेतली.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. २५ जून १९७५ रोजी जाहीर झालेली आणीबाणी मतदानाच्या वेळी उठलेली नव्हती. ती २१ मार्चला मागे घेण्यात आली. ज्यांना उघडपणे बोलणे अवघड झाले होते, त्यांचे मत गुप्त मतदानाने नोंदविले गेले. मतदानाची गुप्तता कायद्याने का जपली आहे, याचा याहून बोलका दाखला क्वचितच सापडेल.

मालवणचा किनारा त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात आणि राजापूर मतदारसंघात होता. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. देशाने १९७७ मध्ये जो कौल दिला, तो राजापूरने १९५७ मध्येच दिला होता. त्या वर्षी प्रजासमाजवादी पक्षाचे बॅ. नाथ पै येथून निवडून आले. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर प्रा. मधु दंडवते यांची निवड झाली. आणीबाणीत बंगळूरच्या कारागृहात स्थानबद्ध असलेले प्रा. दंडवते १९७७ मध्ये पुन्हा विजयी होऊन रेल्वेमंत्री झाले.

म्हणजे वीस वर्षे येथील प्रतिनिधी विरोधी बाकांवरच होता. सत्तेबाहेरच्या उमेदवाराला दिलेले मत वाया जाते, असा समज आजही आढळतो. परंतु असा विरोधी आवाज संसदेत जिवंत राहिला नसता, तर १९७७ मध्ये मतदारांपुढे पर्याय तरी कोणता उरला असता?

नव्या संसदेने ४४ वी घटनादुरुस्ती केली. आणीबाणीच्या कारणांतील ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द जाऊन तेथे ‘सशस्त्र बंड’ हे शब्द आले आणि मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक ठरला.

१९८० मध्ये काँग्रेस पुन्हा सत्तेवर आली आणि १९९१ मध्ये राजापूरच्या मतदारांनी प्रा. दंडवते यांनाही नाकारले. मतपेटी कोणाचीच कायमची नसते. शिक्षकांनी नागरिकशास्त्राच्या तासाला हे जरूर सांगावे. पंचायत सदस्यांनीही ग्रामसभेतील विरोधी मत इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. आजचे अल्पमत उद्याचे बहुमत होऊ शकते.