गळती थांबली, पण पेट्रोल गेलं कुठे?

जुन्या बाईकखाली पेट्रोलचा थेंब दिसणं बंद झालं, म्हणजे गळती बंद झाली असं धरून चालू नका. हे मी अनुभवाने सांगतो आहे.

माझी 100 सीसीची चार स्ट्रोक बाईक, कार्ब्युरेटरवाली. रात्रभर उभी राहिली की ओव्हरफ्लोच्या पाइपातून पेट्रोल ठिबकायचं. एका गॅरेजमध्ये त्या पाइपाचं तोंडच स्क्रू घालून बंद करून दिलं. थेंब थांबला. पुढे किक जड लागायला लागली, इंजिनचा आवाज बदलला. ऑईलची डिपस्टिक काढली, तर ऑईल वरच्या खुणेच्या वर चढलेलं, पाण्यासारखं पातळ आणि पेट्रोलचा भपकारा! बाहेर जाणारं पेट्रोल वाट बंद झाल्यामुळे सिलिंडरमध्ये उतरत होतं आणि पिस्टनच्या रिंगांजवळून ऑईलमध्ये मिसळत होतं. असं ऑईल बेअरिंगचं, पिस्टनचं रक्षण करू शकत नाही. सिलिंडर पेट्रोलने भरला असताना जोर लावून किक मारली, तर कनेक्टिंग रॉड वाकण्याचीही भीती असते.

म्हणून गळती दिसली की आधी ऑईल तपासा. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा. डिपस्टिक पुसून, आटे न फिरवता नुसती टेकवून बघा. पेट्रोलचा वास आला तर इंजिन चालू करू नका. आधी गळती काढा, मग ऑईल बदला.

गळती शोधायची तर सगळा भाग कोरडा पुसून घ्या आणि कॉक बंद करा. तरीही ओल आली, तर दोष कॉकमध्ये किंवा टाकीत आहे. टाकीच्या खालच्या जोडावर गंजाची बारीक भोकं पडतात, तिथे नीट बघा. कॉकचा पाइप काढून बाटलीत सोडा. कॉक बंद असतानाही बाटलीत पेट्रोल आलं, तर आतलं रबर गेलेलं आहे.

कॉक उघडल्यावरच गळत असेल, तर डाग बघा. पेट्रोल उडून जातं, पण मागे पिवळसर तपकिरी डाग राहतो. त्याचं सगळ्यांत वरचं टोक म्हणजे गळतीचा उगम. कार्ब्युरेटरच्या वाटीच्या जोडावर असेल तर ओ-रिंग बदला. ओव्हरफ्लोमधून येत असेल तर फ्लोटची निडल बघा: तिच्या टोकाला चर पडलेली असते किंवा सीटवर कचरा अडकलेला असतो. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत पेट्रोल खळखळलं, तर तो फुटका आहे.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुनी रबरं त्यात फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. पाइप, ओ-रिंगा एकदा सगळ्याच नव्या घालून घ्या. खर्च फार नाही.

हे काम उघड्यावर, इंजिन थंड असतानाच करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचून राहते. जिन्याखाली किंवा ओसरीत गाडी लावत असाल, तर जवळ समई, उदबत्ती, गॅस गिझर काहीही नको. आणि गाडी उभी केली की कॉक बंद करायची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा. निडल झिजलेली असली, तरी तेवढ्याने रात्रभराची गळती टळते आणि इंजिन वाचतं.